चार बोटं

आमच्या घरात आजवर तीन पिकअप झाल्या. गाड्या बदलल्या, संशय मात्र पहिल्या गाडीपासून तोच आहे. तो आमच्या ह्यांचा. काकासाहेब म्हणतात त्यांना आमच्या वाटूर गावात. दूधवाल्यानं मापापेक्षा वाटीभर दूध जास्त घातलं, तर दुसरा कुणी खूश होईल. हे म्हणतील, पाणी असणार त्यात.

पहिली गाडी आम्ही घेतली तेव्हाच म्हातारी होती. दार सुतळीनं बांधायचं, गिअर टाकताना मी गुडघा आवरून घ्यायचा. पण पुढं अख्खा लांब बाक होता. त्यावर हे, मी आणि जयवंता दाटीवाटीनं बसून जालन्याला जायचो. जयवंता म्हणजे आमच्या सालगड्याची, रामकिसनची बायको. आमचा भारत पाळण्यात होता तेव्हापासून दोघं नवराबायको आमच्या मोसंबीच्या बागेत, तिथल्याच खोलीत राहत होते. दुसरी गाडी जरा बरी होती, म्हणजे तिचं दार लागायचं. बाक तिलाही होता.

तिसरी भारतनं आणली. पांढरीशुभ्र. आत थंड हवा, मागचं दाखवणारा पडदा, पट्टा लावला नाही की किंचाळायची. बसायला मात्र दोन वेगवेगळ्या खुर्च्या. त्या दिवसापासून जयवंता मागं हौद्यात बसायला लागली. मला ते आवडलं नव्हतं, पण नव्या गाडीच्या कौतुकात बोलले नाही.

शोरूममधल्या पोरानं गाडी देताना बजावलं होतं, "काका, हिचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, जाड आहेत. माल भरला तरी जुन्या गाडीसारखी खाली बसणार नाही."

हे माझ्या कानात म्हणाले, "इकायचीय ना त्याला, बोलनारच."

आता ह्यांचं माप सांगायला हवं. माल भरून झाला की हे मागच्या चाकाशी उकिडवे बसायचे आणि टायर नि वरचा पत्रा यांच्या मधे हात आडवा घालायचे. बरोबर चार बोटं मावली की गाडी भरली. चारच्या वर फट राहिली तर माल कमी. दोन्ही जुन्या गाड्या ह्याच मापावर चालल्या. वजनकाट्याचं नाव काढलं की म्हणायचे, "काटा इकत घेता येतो. माझी बोटं न्हाई."

नव्या गाडीची पहिली खेप भरली, तेव्हा चार बोटांवर अजून तीन बोटांची फट राहिली. कॅरेट नेहमीइतकेच होते.

"रामकिसन, बराबर भरलं ना?"

"व्हय मालक. दर टायमाला भरतो तेवढंच."

"मंग गाडी काहून बसंना?"

रामकिसन हसला. त्याला वाटलं, मालक गाडीचं कौतुक करून राह्यले. हे काही हसले नाहीत. पाल चुकचुकली होती मनात.

त्यानंतर बागेत जायचं म्हणजे माझ्या अंगावर काटा यायला लागला. हे कॅरेट उपसून बघायचे, खाली फळांऐवजी पाचटच जास्त भरलंय का. खोलीमागं जाऊन मोसंबीची सालं शोधायचे. जयवंताची शेळी रवंथ करताना दिसली तरी थांबायचे, ती काय चघळते ते बघायला. जालन्याच्या मार्केटात वजन पूर्वीइतकंच भरलं, तर म्हणाले, आडत्याही त्याला मिळालाय. भारतनं फोनवर पाट्यांचं पुन्हा समजावलं, तर फोन ठेवून म्हणाले, "त्याला फोनवर दिसतं म्हने, गाडी कुठं उभी हाय ते. पोरगंच पाळत ठिवून राह्यलं आपल्यावर."

मी म्हटलं, "अहो, रामकिसन आहे तो. चोरायचं असतं तर इतकी वर्षं थांबला असता का?"

"जुनी गाडी बोलत व्हती. ही मुकी हाय. मुक्या गाडीत चोरी लपती."



परवा तिसऱ्या खेपेला सकाळीच गाडी भरून झाली. ह्यांनी हात घातला आणि उठून उभे राहिले.

"आज चार बोटं झाल्याबिगर गाडी हलनार न्हाई. आनखी भर."

"मालक, जास्त व्हईल. गाडीला पेलंल, पन रस्ता खराब हाय."

"गाडीला जास्त व्हईल, का तुझ्या घरात कमी पडंल?"

जयवंता कॅरेटमधली पानं निवडत होती. तिचा हात थांबला. मला तर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. "अहो, जिभेला काही हाड?" मी ओरडले. पण बोलून झालं होतं.

रामकिसन खोलीत गेला. खांद्यावर ज्वारीचं पोतं घेऊन बाहेर आला आणि ते कॅरेटांवर टाकलं. मग पत्र्याची पेटी आणली. मग गॅसची टाकी, गोधड्या, दगडाचं जातं. जयवंताला उमगलं. तिनं शेळी सोडली आणि नवऱ्याच्या हाती वर दिली. शेवटी दोघंही चढून पेटीवर बसली.

"वहिनी, खोली रिकामी हाय, नजर टाकून या," रामकिसन वरून मला म्हणाला. "मालक, आता घाला हात."

हे बाही वर सारत पुढं आले. मग चाकाशी बसले.

"किती हाय?"

ह्यांनी हात काढून पुन्हा घातला.

"मालक, किती हाय?"

"सहा," हे म्हणाले.

"मंग आता माझ्याकडं घालाया काहीच न्हाई."

ह्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. इतक्या वर्षांच्या संसारात ह्यांचं असं तोंड मी पाहिलं नव्हतं. "रामकिसन, खाली ये," म्हणाले. "माझं चुकलं."

"न्हाई मालक. सामान चढलंच हाय, तर वाटूर फाट्यावर सोडा. तीर्थपुरीला हिचा भाऊ हाय."

मी जयवंताचे हात धरले, विनवण्या केल्या. ती रडत नव्हती, मीच रडत होते. ती एवढंच म्हणाली, "बाई, उद्या ही शेळी जाड झाली तरी पुसतील, हिनं काय खाल्लं. कसं ऱ्हावं?"

मी पुढं बसले नाही. साडी खोचून मागं चढले आणि जयवंताच्या शेजारी पेटीवर बसले. रस्ताभर खड्डे होते. एवढा माल, अख्खा संसार, तीन माणसं, तरी गाडी कुठं कुरकुरली नाही. हे आरशातून आमच्याकडं बघत होते.

फाट्यावर जातं ह्यांनी स्वतः उतरवलं. रामकिसननं हात लावू दिला, पण वर बघितलं नाही. तीर्थपुरीकडं जाणारा छोटा टेम्पो मिळाला. त्यात सगळं मावलं, शेळीही.

टेम्पो वळून दिसेनासा झाल्यावर हे म्हणाले, "बागेत अर्धा माल झाडावर हाय. उद्या तोडायला, भरायला कोन?"

"तुमची बोटं हायेत ना," मी म्हटलं. "चार."

हे गाडीत जाऊन बसले. त्यांच्या शेजारची खुर्ची जालन्यापर्यंत रिकामीच राहिली. मी मागंच बसले होते.