म्हणायला सोडलेली जागा

दार नुसतं लोटलेलं होतं. तिने ते खांद्याने ढकललं, पिशवी खाली ठेवली आणि वाकून एका पायातला बूट काढला, तोच आतल्या खोलीतून आई म्हणाली, “ही ऑल्वेज कम्स होम लेट.”

तिचा हात दुसऱ्या बुटाच्या नाडीवर तसाच राहिला.

“आज कुठला उशीर, सरकार?” बाबांचा आवाज आला. “सकाळपासून मी घरातच तर आहे.”

“शी इज नेव्हर अँग्री,” आई म्हणाली.

“कोण, तुम्ही? काय सांगता काय!” आणि बाबा हसले, चांगले मोकळेपणाने हसले.

आईला जाऊन दोन वर्षं होत आली होती.

भूतबीत काही नव्हतं, हे तिला लगेच कळलं. कळून काय उपयोग? अंगावर काटा यायचा तो आलाच. घरबसल्या इंग्रजी शिकवणाऱ्या एका संस्थेचे ते धडे होते. याच घरातल्या मागच्या खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून, आईने ते वाचले होते आणि बाबांनी काचेच्या अलीकडे बसून ध्वनिमुद्रित केले होते. वाक्य एकदा म्हणायचं आणि मग ऐकणाऱ्याला तेच म्हणता यावं म्हणून थोडी जागा मोकळी सोडायची. ती जागा नेमकी पुरावी म्हणून आई तेवढ्या वेळात वाक्य पुन्हा नुसत्या ओठांनी म्हणायची. लहानपणी काचेतून ते बघताना हिला फार हसू यायचं, आणि शेजारी बसलेले बाबा डोळे वटारायचे. शिकणाऱ्यांसाठी सोडलेल्या त्या जागेत आता बाबा गप्पा मारत बसले होते.

आपलं कामच नाही इथे, असं तिला वाटलं. बूट परत घालावा आणि मुकाट्याने निघावं. पण पायाशी ठेवलेली पिशवी कलंडली, आतला पाण्याचा डबा ठणकन वाजला आणि आतला आवाज बंद झाला.

“आलीस का गं?”

“आले.”

बाबा दाराशी आले. चष्मा कपाळावर, गळ्यात हेडफोन. चोरी पकडल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं.

“धडा तपासत होतो,” ते म्हणाले. “बूट असू दे पायात. फरशी गार आहे.”

एका पायात बूट आणि एक पाय मोकळा, अशी ती त्यांच्यामागून आत गेली.

तिचा आवाज आईचा होता. ‘आईसारखा’ असं लोक म्हणायचे, पण तो सरळ आईचाच होता. नाक नको तर नथीने झाकता येतं, आवाज कशाने झाकणार? आई गेल्यावर थोड्याच दिवसांनी तिने एकदा बाबांना फोन केला होता. ती नुसतं ‘हॅलो’ म्हणाली आणि पलीकडून बाबा म्हणाले, “बोला सरकार! आहात कुठे? केव्हाची वाट बघतोय.” मग ते बोलतच राहिले. नळ गळतोय, जाड काचांचा चष्मा सापडत नाही, शेजारच्यांनी झाड तोडलं. ‘बाबा, मी आहे’ एवढे तीन शब्द तिला मध्ये म्हणवेनात. शेवटी तिने फोन ठेवून दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन ढसाढसा रडली.

त्यानंतर तिने फोन केला नाही. लिहून पाठवायची. कामात आहे, रेंज नाही, पुढच्या आठवड्यात नक्की. सगळ्या थापा. आपण तोंड उघडलं की बाबांना समोर बायको दिसणार, आणि लेक कुठे गेली हे ते विचारणारही नाहीत, याची तिला धास्ती बसली होती. आणि धास्तीच्या तळाशी राग होता. आई गेली तेव्हा माझीही गेली, मग मला एकटीलाच का पोरकं केलं?

आजही ती आली होती ती कामासाठी. बाबांनी लिहिलं होतं, ‘एक वाक्य आहे. म्हणशील का?’

“हे बघ.” बाबांनी कागद पुढे केला. “संस्थेत नवीन सर आलेत. त्यांना या धड्यात चूक सापडली. धडा कशाचा, तर क्रियाविशेषण वाक्यात कुठे बसवायचं याचा, आणि त्यातच चूक! आय लाइक व्हेरी मच धिस हाउस.”

“मग त्यात काय? मला फार आवडतं हे घर.”

“मराठीत चालतं. आपलं ‘फार’ कुठेही बसतं, पाट मांडायची वाट बघत नाही. इंग्रजीत त्याला घराच्या पुढे जाऊन बसायचं असतं. आय लाइक धिस हाउस व्हेरी मच. तुझी आई तेव्हाच म्हणाली होती, हे ‘व्हेरी मच’ उंबऱ्यात उभ्या पाहुण्यासारखं वाटतंय, धड आत नाही, धड बाहेर नाही. पण लिहून दिलंय तसं वाचायचं. इतकी वर्षं पोरं तेच घोकताहेत.”

“दुसऱ्या कुणाकडून म्हणवून घ्यायचं ना.”

“ठिगळ दिसेल. बाकी सगळा धडा तिच्या आवाजात.” बाबा कागदाची घडी घालत म्हणाले, “तुझ्या आवाजात दिसणार नाही.”

झालं. तिला जे ऐकायचं नव्हतं ते त्यांनी किती सहज सांगून टाकलं. तिने मान डोलावली आणि काचेपलीकडच्या खोलीत गेली.

गोधड्या त्याच होत्या. एकीचा कोपरा आईने हिच्या जुन्या फ्रॉकच्या तुकड्याने शिवला होता, तोही जागच्या जागी होता. समोर माईक, काचेपलीकडे बाबा. त्यांनी हात वर केला.

तिने मुद्दाम आवाज जाड काढून वाक्य म्हटलं.

“घसा बसलाय का?” तिच्या कानावरच्या हेडफोनमध्ये बाबा.

“नाही.”

“मग साधं म्हण. कुणाला तरी सांगितल्यासारखं.”

तिने पुन्हा म्हटलं. या वेळी भरभर, पाढे म्हटल्यासारखं. बाबांनी नुसती मान हलवली. तिसऱ्या वेळी मात्र ती दमली होती आणि विचार करायचं विसरली. समोर फ्रॉकचा तो तुकडा होता. “आय लाइक धिस हाउस व्हेरी मच,” ती म्हणाली, आणि खोलीत आई बोलून गेली.

काचेपलीकडे बाबांचा हात हवेतच राहिला. जागा मोकळी सोडायची होती म्हणून ती गप्प उभी राहिली, आणि मग तिच्या लक्षात आलं, आपले ओठ हलताहेत. न सांगता, आपल्याआपण, तेच वाक्य पुन्हा म्हणताहेत. तिने तोंडावर हात दाबला.

“झालं,” बाबा म्हणाले.

ती बाहेर आली तेव्हा ते पडद्यावरच्या रेघोट्यांमधून जुनं वाक्य कापून काढत होते. नवं त्याच्या जागी सरकवलं, दोन्हीकडचे सांधे घासूनपुसून घेतले. त्या कामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. पडद्यावर बघून तिलाही सांगता आलं नसतं, आई कुठे संपते आणि आपण कुठून सुरू होतो.

“निघते मी,” ती म्हणाली.

“एवढा धडा ऐक आणि जा. सांधा कळतो का सांग. माझे कान आता म्हातारे झाले.”

नाही म्हणता आलं असतं. तिने पिशवी उचलली, दाराच्या कडीला हात घातला आणि तशीच उभी राहिली. आईचा आवाज तिने दोन वर्षं कटाक्षाने टाळला होता. आज ऐकायचाच असेल तर दार तरी हाताशी हवं.

बाबांनी धडा लावला आणि खुर्चीत मागे रेलून डोळे मिटले.

“वी ऑफन वॉक टुगेदर,” आई म्हणाली. आणि थांबली.

“गुडघे कुठे चालू देतात आता, सरकार,” बाबा पुटपुटले. सवयच ती. मागे कुणी उभं आहे हे ते विसरले होते.

“आय हॅव जस्ट मेड टी.”

“केलात? मग आणा की. साखर बेताची.”

हे रोज चालतं तर. रोज संध्याकाळी बाबा इथे बसतात आणि चहा मागतात. आता तिचं वाक्य येणार होतं. पुढचं नाही, त्याच्या पुढचं. त्यालाही बाबा ‘सरकार’ म्हणणार, घरात आता आईची एक ओळ वाढली एवढंच होणार, आणि ती ओळ आपणच आपल्या तोंडाने देऊन बसलो. तसं झालं तर हे दार शेवटचं, तिने मनाशी ठरवलं. कडी तिने घट्ट धरली.

“दे हार्डली एव्हर क्वॉरल,” आई म्हणाली.

“भांडायला तुम्ही थांबलात कुठे,” बाबा म्हणाले. आवाज ओला होता.

मग वाक्य आलं. आय लाइक धिस हाउस व्हेरी मच. सांधा कळत नव्हता. हुबेहूब आई होती, श्वासासकट आई होती. हे आपण म्हटलंय यावर तिचा स्वतःचा विश्वास बसेना. वाक्य संपलं आणि मोकळी जागा सुरू झाली.

बाबांनी डोळे उघडले नाहीत.

“मग येत जा की गं, ठमे,” ते म्हणाले.

ठमी तिला बाबांशिवाय घरात दुसरं कुणी म्हणत नसे. आईसुद्धा नाही.

तिच्या हातातली कडी सुटली. जागा अजून उरली होती, थोडीच.

“येईन, बाबा,” ती म्हणाली.

आणि आईने पुढचं वाक्य सुरू केलं.