आठ महिन्यांचा चेहरा

ताईच्या नातीचं लग्न झालं त्या वर्षी, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, मी लिहायला शिकले. डोक्याची चाळण झालेली. म्हटलं, कागदावर तरी उरेल. म्हणून चिकटवही आणली. डिंकाऐवजी खळच वापरली. लाँड्रीत चाळीस वर्षं कपड्यांना तीच लावली होती, हात बसलेला.

ताई अंथरुणाला खिळलेली, पण तिला सगळं आठवायचं. ती फोटो बघून सांगायची, मी खाली लिहायची.

"हा कोण गं?"

"तुझा नवरा. त्यालाही विसरलीस?"

"मिशी कुठेय त्याला?"

"मग काय, मिशीशी लग्न केलं होतंस?"

मला हवं होतं ते एकच. माझी मुलगी आठ महिन्यांची असतानाच वारली आणि तिचा चेहरा मला आठवत नव्हता. हे मी कुणाला बोलले नव्हते. ताईने ओळखलं असावं. एका दुपारी तिने उशीखालून एक फोटो काढला. फ्रॉक घातलेलं बाळ.

"ही तुझी. चिकटव."

मी बराच वेळ बघत राहिले. फ्रॉकच्या कॉलरवर इस्त्रीचा डाग होता. माझी गेल्यावर कामात लक्ष नसायचं, तेव्हा मीच तो पाडलेला, ताईच्या लेकीच्या नव्या फ्रॉकवर. त्यावरून इतके टोमणे खाल्ले, की तेवढं विसरणं शक्य नव्हतं.

मी फोटो चिकटवला आणि खाली लिहिलं, 'ताई म्हणते, ही माझी मुलगी.'

ताईने चष्मा लावून वाचलं. "'ताई म्हणते' कशाला? कोर्टात द्यायचंय का?"

"डाग दिसतोय, ताई."

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "तुझ्या लेकीचा फोटो काढलाच नव्हता गं. एक तरी चेहरा असू दे म्हटलं तुला."

"मग तू सांग कशी होती. मी लिहिते."

माझा हात हळू. दिवसाला एक ओळ व्हायची. कपाळ रुंद. डाव्या कानाची पाळी दुमडलेली. हसायच्या आधी खालचा ओठ हलायचा. डोळ्यांचं विचारलं तेव्हा ताईला धाप लागली होती. "उद्या सांगते," म्हणाली. पण त्यानंतर तिला बोलवेना.

डोळ्यांची ओळ कोरी आहे. ताई त्याच वर्षी, नऊ नोव्हेंबरला, बुधवारी सकाळी गेली.