कोपऱ्यातलं गवत

कुंपण पुरं झालं त्या संध्याकाळी आमच्या घरात सगळे ताटावरच पेंगत होते. नवऱ्याचे तळहात तारेनं सोललेले, सासऱ्यांची कंबर धरलेली, आणि माझं म्हणाल तर ठमीला दात येत होते. सहा महिन्यांचं पोर, पण आठवडाभर तिनं घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागू दिला नव्हता. तरी सासरे हात धुता धुता म्हणाले, "आज निवांत झोपा. आता हरणाच्या बापाला आत येता येणार नाही."

घरामागच्या उतारावर नासपतीची सात कलमं आहेत. ज्या झाडाची ती आहेत, ते सासऱ्यांच्या वडिलांनी लावलेलं झाड वादळात मुळासकट पडलं. ते सुकायच्या आत सासऱ्यांनी त्याच्या काड्या कापून आणल्या आणि ही कलमं बांधली. बरीच लागलीच नाहीत. लागली त्यांतली निम्मी हरणांनी खाल्ली. उरली ही सात.

उपाय आम्ही सगळे करून पाहिले होते. कुणी सांगितलं, वासाचे साबण टांगा. टांगले. हरणं जणू आंघोळ करून पाला खाऊन गेली. न्हाव्याकडून केसांची पोती आणून बुंध्याशी पसरली. केस वाऱ्यानं आमच्याच ओसरीवर आले. शेवटी सासऱ्यांनी प्रत्येक झाडाला जाळीचा पिंजरा केला. तो चालला. पण जाळीबाहेर आलेला शेंडा दुसऱ्या दिवशी कुरतडलेला, आणि आतलं गवत कापायचं तर हात जात नाही. तेव्हा नवऱ्यानं टूम काढली, की सातजणांना सात कोट शिवण्यापेक्षा एकच मोठी रजई बरी. पिंजरे सोडायचे, तीच जाळी जोडून सगळ्या तुकड्याभोवती उंच कुंपण घालायचं. सासऱ्यांच्या मनात नव्हतं. पण तेही वाकून वाकून थकले होते, हो म्हणाले. लांबच्या कोपऱ्यात कमरेएवढं गवत माजलं होतं, ते तेवढं राहिलं. उद्या कापू, असं तिघंही म्हणालो.

सकाळी नवरा कामावर गेला आणि ठमीला खांद्यावर घेऊन मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी आले, तर त्या कोपऱ्याशी कुंपणाबाहेर एक हरणी उभी. मी ताट आणि डाव घेऊन बाहेर गेले, बडवलं. ती गेली. दूध तापेपर्यंत परत जागेवर. मग सासरे काठी घेऊन गेले. तीच गत. ते म्हणाले, इतक्या दिवसांची सवय आहे, मोडायला वेळ लागणार. सुनेलाही इथल्या चहाची सवय व्हायला वर्ष लागलं.

मला सवय बघत राहण्याची. ठमी झोपली की तिचा श्वास बघत बसते, नवरा त्यावरून चिडवतो. तशीच त्या हरणीकडे बघत राहिले. दुपारपर्यंत एक गोष्ट मनात टोचायला लागली. तिच्या पायाशी ओलं, लुसलुशीत गवत होतं आणि ती ते खात नव्हती. झाडांकडेही बघत नव्हती. बघत होती ती कोपऱ्यातल्या गवताकडे. तेवढ्यात ठमी उठून रडायला लागली, आणि हरणीचे कान आमच्या खिडकीकडे वळले. ती जरा तिरकी झाली तेव्हा तिची कास दिसली. तट्ट फुगलेली. माझं पोलकं त्याच वेळी पुढून ओलं झालं होतं.

सासऱ्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला हल्ली जिथंतिथं आईच दिसते."

पोर त्यांच्या हातात दिलं आणि फाटकातून आत गेले.

गवत बाजूला केलं तर पाडस होतं. ठिपक्याठिपक्यांचं, पाय दुमडलेलं, हनुवटी जमिनीला टेकवून. डोळे उघडे, पापणी हलत नव्हती. आदल्या दिवशी आम्ही त्याच्यापासून चार पावलांवर खांब ठोकले होते, एकमेकांवर ओरडलो होतो, आणि ते हललं नव्हतं. आईनं गप्प पडून राहा म्हटल्यावर ते पडून राहिलं होतं.

सासरे बघून गेले. ठमीला मी घेतलं आणि सासरे पोतं घेऊन पाडसाला उचलायला गेले. पण ते पाडस कसलं ऐकतंय, बाण सुटावा तसं सुटलं. जाळीवर आपटलं, उठलं, पुन्हा आपटलं, आणि शेवटी फाटकाजवळच्या पहिल्या कलमाच्या बुडाशी अंग चोरून बसलं. नाकातून रक्त येत होतं. सासरे खांबाला धरून उभे राहिले. पुन्हा हात लावला तर ते धडकून मरेल, हे दोघांनाही कळत होतं.

उरला एकच मार्ग. फाटक उघडं टाकायचं आणि घरात जाऊन बसायचं. म्हणजे हरणीला सात झाडांमधून चालत यावं लागणार, आणि झाडांवर आता पिंजरे नव्हते. मी म्हटलं, झाडांवर चादरी टाकू या. ते म्हणाले, चादर फडफडली की ती यायचीच नाही.

मग कलमांकडे बघत म्हणाले, "काड्या घ्यायला आता जुनं झाड नाही. ही गेली की संपलं."

"बाबा, ते कालपासून उपाशी आहे."

ठमी माझ्या खांद्यावरून त्यांच्या सदऱ्याची कॉलर ओढून चावायला लागली. त्यांनी ती सोडवली नाही. "मी कुठं नाही म्हणतोय," म्हणाले, आणि फाटक पूर्ण उघडून त्याला दगड लावला.

नवरा परत आला तेव्हा ऊन कलत होतं. त्याला पुढच्या दारानंच आत घेतलं, दिवा लावू दिला नाही. सगळं ऐकून तो खुर्चीत बसला, हाताच्या पट्ट्यांकडे बघितलं आणि विचारलं, मग कालचा दिवस आपण कशाला घालवला? चौघंही खिडकीशी.

हरणी फाटकात खूप वेळ उभी राहिली. मग एकेक पाऊल टाकत आत आली. पाडस लटपटत उठलं आणि सरळ तिच्या पोटाखाली घुसलं, ढुशा मारत प्यायला लागलं. ती हलली नाही. पण तिचं तोंड मोकळंच होतं. तिनं मान लांब केली आणि पहिल्या कलमाचा शेंडा तोडला. मग पाला. मग फांदी दातांत धरून अशी ओढली, की कट्टकन आवाज आमच्यापर्यंत आला.

नवरा ताडकन उठला. सासऱ्यांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बस. पाजताना भूक लागते रे. तुझी बायको पोर घेऊन बसली की पोळ्यांचा डबा रिकामा होतो, बघत नाहीस का?"

नवरा बसला. मला हसू आलं, पण चेहऱ्यापर्यंत पोचायला त्याला बराच वेळ लागला.

पाडसाचं पोट भरल्यावर ती निघाली. जाता जाता दुसऱ्या कलमाचाही शेंडा घेतला, आपलंच शेत असल्यासारखा. दोघं उतारावरून दिसेनाशी झाली तेव्हा सासरे कंबर धरत बाहेर गेले. दगड काढला, फाटक लावलं. पहिल्या झाडाशी वाकून बुंध्यावरून बोटं फिरवत राहिले. आत आले ते हात न धुताच बसले.

"पहिलं, कलम बांधलं त्या जोडाखालीच मोडलंय. गेलं ते," म्हणाले. "दुसऱ्याचा खालचा डोळा, कोंब फुटायचा तो, शाबूत आहे. वाढेल. वाकडं वाढेल."

नवरा म्हणाला, उद्या आधी ते गवत कापतो. सासरे म्हणाले, कापण्याआधी त्यातून एकदा फिरून ये. एवढं बोलून दोघंही बसल्या जागी डोळे मिटून राहिले.

आत निजवलेली ठमी रडायला लागली. क्षणभर कुणीच हललं नाही. मग मी उठले.