हवेच्या पाण्याची ओटी

शिवपुत्र ब्रशनं जाळीवरचा कापूस खाली ओढत होता, तेवढ्यात रांगेत पहिली उभी असलेली धोंडुबाई म्हणाली, "आप्पा, धार करंगळीएवढी झालीया. आज घागर भरंल का न्हाय?"

"भरंल की. जाळी तर मोकळी हुंदे."

इचलकरंजीच्या त्या कोपऱ्यावर चारी बाजूंनी मागांची खाती, म्हणजे यंत्रमागांचे छोटे कारखाने. मधे एका संस्थेनं हवेतून पाणी काढणारं मशीन बसवलेलं. कपाटाएवढी पेटी. पंखा बाहेरची हवा जाळीतून आत ओढायचा. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला जसा घाम फुटतो तसा आतल्या गार नळ्यांवर हवेला फुटायचा, आणि तो गाळून टाकीत पडायचा. पण मागांतून उडालेला कापूस दिवसभर त्या जाळीवर येऊन बसे. रुमालाएवढं काही चिकटलं तरी धार बारीक. म्हणून दर तासाला जाळी झाडायची. शिवपुत्रचं काम एवढंच. तीस वर्षं त्यानं जॉबर म्हणून माग दुरुस्त केले होते. नुसत्या आवाजावरून माग कुठं अडलाय ते सांगणारा माणूस. त्याच मागांनी कान अधू केल्यावर तो या पेटीपाशी आला. नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं, त्यामुळं गल्लीतल्या निम्म्या घागरी त्याच्या ब्रशवर अवलंबून होत्या, आणि त्याचा त्याला चांगलाच अभिमान होता.

संध्याकाळी एक लिटरची बाटली भरून तो घरी न्यायचा. बायको नीलम्माचं हृदय थकलं होतं, पायांवर सूज होती. दिवसाला एकच लिटर पाणी, तेही स्वच्छ, असं डॉक्टरांनी बजावलेलं. जन्मभर डोक्यावरनं घागरी वाहिलेल्या बाईला म्हातारपणी वाटीवाटीनं पाणी मिळावं, याला काय म्हणायचं?

नीलम्माचं माहेर सीमेपलीकडचं, कृष्णेकाठचं. जिचं पाणी प्यायचं तिची वर्षातून एकदा ओटी भरायची, ही तिच्या माहेरची रीत. दरवर्षी ती नृसिंहवाडीला जाऊन कृष्णेला खण-नारळ आणि मूठभर तांदूळ वाहून यायची. या वर्षी दुखण्यानं राहिलं होतं. हिरवा खण मात्र आणून घरच्या ट्रंकेत वरच ठेवलेला.

एका संध्याकाळी वाटीतलं पाणी संपवून तिनं विचारलं, "री, हे पाणी कुणाचं?" नवऱ्याला ती माहेरच्या कानडी वळणानं 'री' म्हणायची.

"हवेचं."

"हवेचं म्हंजे? नदीचं पाणी नदीचं, हिरीचं हिरीचं. ह्याची आई कोण? वरीस झालं पितोय आपण. ओटी कुणाची भरायची?"

तो हसला. ती हसली नाही. वाटी पालथी ठेवून म्हणाली, "मला एकदा वाडीला न्या. कृष्णेची तरी भरू दे."

त्यानं तिला समजावलं. उन्हाळ्यात हवा कोरडी, धार मुळातच कमी. त्यात आपण दिवसभर नसलो तर जाळी कोण झाडणार, बायका रिकाम्या घागरी घेऊन परत जातील. पाऊस लागला की हवाच ओली होते, मशीन आपोआप भरतं. मग एक दिवस रजा काढतो, रिक्षा ठरवतो, अगदी घाटाच्या पायरीपर्यंत नेतो. नीलम्मानं मान डोलावली. संस्थेकडं बदली माणूस मागता आला असता. पण आपल्यासारखी जाळी दुसऱ्या कुणाला झाडता येईल, हे शिवपुत्रला पटतच नव्हतं.

मशीनचं त्याचं गणित बरोबर होतं. नदीचं मात्र तो विसरला. उभी हयात या मुलखात काढलेल्या माणसानं ते विसरायला नको होतं.

जून कोरडा गेला. जुलैच्या मध्यावर पाऊस लागला तो उसंत न घेता. मशीनची धार मनगटाएवढी झाली. शिवपुत्रनं रजा काढली, रिक्षाही ठरवली. त्या सकाळी नीलम्मा इरकली लुगडं नेसून, मांडीवर खण-नारळ घेऊन उंबऱ्यात बसली, आणि रिक्षावाला येऊन सांगून गेला, की वाडीला देवळात पाणी शिरलंय, रस्ता बंद.

"पाणी उतरलं की जाऊ," शिवपुत्र म्हणाला.

"बरं," ती म्हणाली. खण तिनं दुपारपर्यंत मांडीवरून उतरवला नाही.

चौथ्या दिवशी तिचा जीव घाबरा झाला. तिनं पाणी मागितलं. त्या दिवसाचं लिटर दुपारीच संपलं होतं. डॉक्टरांचा शब्द मोडायचा नाही म्हणून शिवपुत्रनं उद्याच्या बाटलीतून अर्धीच वाटी दिली. तिनं ती पिऊन वाटी पुन्हा पुढं केली. "आता उद्या," तो म्हणाला. तासाभरात ती गेली. त्याच वेळी कोपऱ्यावर मशीनची टाकी भरून पाणी गटारात वाहत होतं, हे त्याला नंतर कळलं. ती राहिलेली अर्धी वाटी त्याच्या मनातून पुढं कधीच गेली नाही.

लिंगायत रीतीप्रमाणं तिला मातीत ठेवलं, दिवसकार्य झालं, आणि तो कामावर आला. बदली माणसानं जाळी लख्ख ठेवली होती. रांग सुरळीत होती. एक दिवस कुणीही सांभाळलं असतं. शिवपुत्रनं जाळीवरून एकदा बोट फिरवून पाहिलं. मग त्यानं पिशवीतून खण-नारळ, हळदकुंकू आणि तांदळाची पुडी काढून धोंडुबाईपुढं धरली.

"माझ्या हातानं चालत न्हाय. तू भर ओटी."

"कुणाची, आप्पा?"

"नीलम्मा इचारत हुती, ह्या पाण्याची आई कोण. मला न्हाय सांगता आलं. हवा आत जाती तितंच भर."

धोंडुबाईनं घागर खाली ठेवली, डोक्यावर पदर घेतला. पेटीला हळदकुंकू लावलं, पायरीवर नारळ ठेवला, तांदूळ वाहिले आणि खण जाळीपुढं धरला. पंख्यानं तो तिच्या हातातून ओढून घेतला. हिरवा खण जाळीवर सपाट चिकटून बसला.

नळाची धार बारीक होत करंगळीएवढी झाली. शिवपुत्रचा हात सवयीनं ब्रशकडं गेला. त्यानं ब्रश उचलला आणि तसाच मांडीवर धरून तो पायरीवर बसला. रांगेतल्या बायका घागरी कडेवर घेऊन थांबून राहिल्या.