नथीची मरळ

"जाळं टाकायचं आसंल तर आधी मला तळ्यात ढकला!" केशरबाई काठावर आडवी उभी राहिली, अन् तिच्या नवऱ्याच्या, गहिनीनाथाच्या हातातलं जाळं हातातच राहिलं.

बांधालगतच्या मुरमाच्या खड्ड्याचं तळं करून त्यानं रोहूसारखे मासे पाळले होते. पहिल्या साली नुसती बारकी मासळी माजली, पण बोटाच्या वर एक वाढंल तर शपथ! म्हणून त्यानं प्रवरेतनं मरळी आणून सोडल्या. मरळी बारकी मासळी खायच्या, उरलेली चांगली पोसायची. मरळ थोराड झाली की मात्र तो लगोलग काढायचा, नाहीतर तीच सगळं तळं साफ करील. असं बेतानं चाललं होतं. बाहत्तर साली पावसानं तोंड फिरवलं, बाजरी जाग्यावर करपली अन् घराच्या तोंडात घास घालायला तेवढं तळंच उरलं.

नेमका तवाच त्याच्या आईनं, राहीबाईनं, घोळ घातला. सुनेची कूस उजवंना, म्हणून नवस बोलली. केशरबाईची नथ तळ्यातल्या सगळ्यात मोठ्या मरळीच्या ओठात घालून सोडली.

"पोर होईस्तवर तिच्या अंगाला जाळं लागता कामा न्हाई," राहीबाईनं बजावलं.

"आये, नवस रोहूला बोलायचास की! मरळच कशापायी?"

"मोठी तीच हाय. देवाला काय बारकं दाखवायचं?"

"मग गळ लावतो."

"अन् तीच गळाला लागली म्हंजी?" केशरबाई रडायलाच लागली. "माझं वाटोळं करायचंय का तुमाला?"

झालं! बाईच्या डोळ्यांतल्या पाण्यापुढं गड्यानं जाळं गुंडाळून आढ्याला टांगलं. मरळींना रान मोकळं झालं. आधी बारकी मासळी संपली, मग रोहूची पिल्लं. गहिनीनाथ काठावर बसून नुसता चरफडायचा.

चैत्रात तळं आटलं. चिखलात एकच मरळ वळवळत होती. डोकं भलं मोठं, अंग वाळकं, अन् ओठात नथ. घरात भाकरीसंगं लावायला मिरचीसुदिक नव्हती. केशरबाईची कूस अजून रिकामीच होती. ती स्वतः चिखलात उतरली, नथ ओढून काढली अन् मरळ विळीवर धरली.

"अगं, नवस!" राहीबाई किंचाळली.

"ऱ्हाऊ द्या, आत्याबाई."

पोट चिरलं तर आत तिचीच पिल्लं निघाली, काळ्या पट्ट्यांची. केशरबाईचा हात थांबला.

"पोटची बी सोडली न्हाईत हिनं," ती म्हणाली. "अन् मी हिच्याकडं पोर मागत हुते!"

राहीबाईनं तोंड फिरवलं.

पण कालवणाचा वास सुटला, तशी ताट घेऊन पहिली तीच येऊन बसली.