दहा हजार वर्षांचं पीठ

पैज लागली ती आमच्या उपनगरात, फ्लॅट बुशमध्ये, आमच्या आणि सुलभावहिनींच्या घरामधल्या कुंपणापाशी. मी बार्बेक्यू पेटवत होतो. वहिनी वायकाटोतल्या दलदलीवर संशोधन करतात. त्या म्हणाल्या, "आमच्या साइटवर दहा मीटर पीट आहे. तळाचं दहा हजार वर्षांचं, आणि अजून कुजलेलं नाही."

मी म्हटलं, आमच्या घरात बेसनाला महिन्याभरात जाळी धरते, तुम्ही हजारांच्या काय बाता मारता? वहिनींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"लावता पैज, मकरंदभावजी?"

एरवी आख्ख्या गल्लीला टोप्या घालतो तो मी. यांच्याच नवऱ्याला, गुरुदत्तला, मांजराच्या लायसनचा खोटा फॉर्म दोनदा भरायला लावलेला. त्याच तोऱ्यात बोलून गेलो, खरं निघालं तर भर रस्त्यात मिशी उतरवीन. तेवीस वर्षांची मिशी. माझ्या बायकोने, वसुंधराने, मला मिशीशिवाय कधी पाहिलेलंच नाही.

शनिवारी मी मुद्दाम चाळणी घेऊन वहिनींच्या साइटवर गेलो. दलदलीत नजर पोचेल तिथवर तारेसारखं तपकिरी गवत. पीठ कुठंय विचारलं, तर वहिनींनी बोट पायाखाली दाखवलं. "मी ट म्हटलं होतं. ठ तुमच्या कानातला."

म्हणजे बाईंना कुंपणापाशीच कळलं होतं, आणि त्यांनी मला तसंच पुढे जाऊ दिलं. मानलं.

मग त्यांनी स्टीलचा रॉड जमिनीत दाबला. त्याला दुसरा जोडला, तिसरा जोडला. दहा रॉड लोण्यात सुरी जावी तसे आत गेले. टोकाच्या पोकळ नळीतून तळाचा चिखल वर काढून माझ्या तळहातावर ठेवला. त्यात एक बारीक मूळ होतं, सगळे तंतू शाबूत. वास घेतला, सडका नव्हता, ओल्या चहापत्तीसारखा होता.

वहिनी सांगत होत्या, पीट म्हणजे दलदलीत साचलेल्या झाडपाल्याचा थर; इथे पाण्यात हवा नाही, म्हणून काही कुजत नाही. झाडांनी हवेतून ओढलेला कार्बन तसाच गाडलेला राहतो. वर उत्तरेला, कॅनडा-फिनलंडकडे, अशी दलदल मैलोन् मैल आहे, तिच्यात जगातल्या सगळ्या झाडांइतका कार्बन असेल. फक्त पाणी काढू नका. शेजारच्या फार्मवाल्यांनी काढलं, तर त्यांची जमीन माणूसभर खचली.

एवढं काम, आणि आवाज नाही की बोर्ड नाही. मी एक खोडी काढली तरी आठवडाभर मिरवतो.

घरी आल्यावर गुरुदत्त म्हणाला, अरे, शब्दाचा घोळ झाला, पैज बाद कर. वसुंधराही हो म्हणाली, जरा जोरातच. मी ऐकलं नाही. "टिकणार नाही म्हणालो होतो. टिकलंय. हातात घेऊन आलोय."

रविवारी सकाळी रस्त्याच्या मधोमध खुर्ची मांडली. गुरुदत्तने ट्रिमर चालवला, आणि डावी बाजू उतरल्यावर त्याची बॅटरी संपली. चार्ज होईपर्यंत मी अर्ध्या मिशीने तिथेच बसलो. कुत्री फिरवणारे थांबून विचारत होते काय झालं. प्रत्येकाला मी दलदलीची सगळी गोष्ट सांगितली, आणि कोणी मधेच निघायला लागला तर त्याचा कुत्रा धरून ठेवला.