काथवटीखालचं पीठ

मित्रांनो, हसू नका, पण लाकडालाही धडकी भरते. मी उंबराच्या लाकडाची एक काथवट आहे. आता माझ्या बुडाला चीर पडली आहे आणि कोंबड्या माझ्यात अंडी घालतात. पण एके काळी यरुशलेमच्या खालच्या पेठेतली निम्मी घरं माझ्यात मळलेल्या भाकरीवर जेवत होती.

सुताराने मला कोरलं तेव्हा शेजारणी म्हणाल्या होत्या, "अगं, घरासाठी करतेस की पलटणीसाठी?" माझी मालकीण अखसा तेव्हा नवी नवरी होती. ती लाजली. पुढे येशूला मानणारी माणसं तिच्या अंगणात जमू लागली आणि माझा आकार सार्थकी लागला. जो तो आपल्या घरचं पीठ आणून माझ्यात ओती. कुणाचा गहू, कुणाचे जव, कुणाचा नुसता कोंडा. एकदा पाणी पडलं की कुणाचं किती, हे मलाही सांगता येत नसे. गालीलच्या कोळिणी आणि ग्रीक बोलणाऱ्या विधवा माझ्याभोवती कोपराला कोपर लावून मळायला बसत. मला फार अभिमान वाटे.

मग दुष्काळ आला. अखसा तोवर विधवा झाली होती. आधीच्या एका दुष्काळात तिचा मुलगा गेला होता आणि आता धाकटी लेक सेरह तेवढी उरली होती. यरीहोहून भावाने जवाच्या पिठाचं पोतं धाडलं. अखसाने निम्मं माझ्यात ओतलं आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आलं तेवढं दिलं. चिमूटभरही मागे ठेवलं नाही."

उरलेलं पीठ तिने घरातल्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात ठेवलं, आणि रोज मळणं झालं की ती मला त्यावर पालथं घाली. मित्रांनो, त्या दिवसापासून माझी झोप उडाली. पूर्वी असंच खोटं बोललेलं एक जोडपं उभ्या जागी गतप्राण झालं, असं लोक दबक्या आवाजात सांगत. अखसा सेरहला कुशीत घेऊन बसे आणि दाराशी पाऊल वाजलं की दचके. ती मेली तर पोरीला कोण पाहणार, या विचाराने मीही हादरून जाई.

आणि झालं भलतंच. पोतं घेऊन आलेला यरीहोचा गाढववाला पुन्हा आला. पोत्यातलं किती पीठ माझ्यात पडलं ते ऐकून म्हणाला, "एवढंच? मी तर तोंडापर्यंत भरलेलं पोतं उतरवलं होतं!"

ते पोतं वेशीवरून घरी आणलं होतं फिलिन्नाने. ही कुरेनेहून आलेली, ग्रीक बोलणारी विधवा. शेजारीण मिल्का लगेच फणकारली, "आणा आणखी परक्यांना चुलीपाशी!"

"मी पोत्याची गाठसुद्धा सोडली नाही गं," फिलिन्ना म्हणाली.

अखसा खाली मान घालून पीठ चाळत राहिली. फिलिन्ना त्या दिवसापासून मळायला आली नाही. मग तिच्याबरोबरच्या विधवाही येईनात. "आम्ही आमची वेगळी चूल मांडू," असा त्यांनी निरोप धाडला. माझ्यात पीठ कमी पडू लागलं, आणि भाकरी मोडताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघेना.

तशातच वल्हांडण सण जवळ आला. सणाआधी घरातलं खमीर, म्हणजे आंबलेलं पीठ, कणाकणाने बाहेर काढायचं असतं. काथवट तर अंगणात नेऊन उकळत्या पाण्याने घासतात. लहानपणापासून पाळलेली ही रीत, पण भीतीपोटी अखसाला तिचाच विसर पडला होता. त्यात मी रोज धुतलेली, ओलीच पालथी पडायची. खालचं पीठ ओल धरून आंबलं होतं. त्याचा वास येत होता.

सणाच्या आदल्या दिवशी सकाळी मंडळीतले म्हातारे बर्खियाबाबा पाण्याचं भांडं घेऊन आले. अंगण दारापर्यंत माणसांनी भरलं होतं. सण तोंडावर म्हणून त्या विधवांनाही त्यांनी मुद्दाम बोलावलं होतं. बाबांनी आत येऊन मला हात घातला, तशी अखसा धावत येऊन माझ्यावरच बसली.

"बाबा, नका उचलू."

"का गं पोरी?"

ती इतकी कापत होती की मीही तिच्याबरोबर हलू लागले. "उचललीत तर मी मरेन," ती म्हणाली. तिने फिलिन्नाकडे पाहिलं. "पीठ हिने नाही घेतलं. मी ठेवलंय. खालीच आहे. माझ्या सेरहला सांभाळा."

एवढं बोलून तिने डोळे मिटले आणि मरणाची वाट पाहू लागली. मीही पाहत होते. सेरह रडू लागली, पण तिच्याजवळ जायचंही कुणाला सुचलं नाही.

बर्खियाबाबांचे डोळे भरून आले. "अगं, तुझंच होतं ना ते? ठेवते म्हणाली असतीस, तर कोण तुझा हात धरणार होतं?"

मिल्का पदरात तोंड खुपसून उभी होती. तेवढ्यात फिलिन्ना पुढे आली. ती रागावलेली होती, चांगलीच. तिने अखसाचा दंड धरला.

"मरायचंय ते मागाहून मर. पीठ आंबलंय, वास येतोय. आजच्या आज भाजून संपवलं नाही, तर सणाला सगळं जाळावं लागेल. ऊठ, पाणी घाल."

अखसा उठली. दोघींनी मिळून मला उलथवलं.

मित्रांनो, माझी चीर बुजवा न बुजवा, पण माझं एवढं ऐका. भीतीने कुणी काही मागे ठेवलं, तर त्याच्यावर दगड उचलू नका. आणि तुम्ही स्वतः ठेवलं असेल, तर 'ठेवलंय' एवढंच म्हणा. त्या एका शब्दावाचून अखसा किती दिवस मेल्यासारखी जगली, ते मी पाहिलं आहे. त्या दिवशीची भाकर आंबट झाली होती. सगळ्यांनी ती एकाच पंगतीत बसून खाल्ली, आणि अखसाचा पहिला घास फिलिन्नाने मोडून दिला.